मंगळवारी स्कॅनर बंद

गिरणीच्या गल्ल्यातली चिल्लर
रात्री घरी येते ती पीठ माखूनच.
बाजरीच्या दिवशी राखाडी, हळद दळली की पिवळी.
हे तिला कोमट पाण्यातून काढतात,
जुन्या पंचावर पसरतात,
हात पुसून चष्मा बदलतात,
आणि मी समजते,
आता नऊपर्यंत या माणसाला हाक मारून उपयोग नाही.

चौतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा पाहिल्या यांनी.
ओल्या शाईचे अख्खे ताव.
भोंगा वाजला की आत, भोंगा वाजला की बाहेर,
बाहेर पडताना झडती.
नाणी तिथे पाडत नाहीत.
म्हणूनच, म्हणतात,
नाण्यांशी माझं काही भांडण नाही.

खिडकीजवळचं माझं शिवणयंत्र आता टेबल झालंय.
वर शालीचा तुकडा, वाकड्या मानेचा दिवा,
सराफ बाजारातून घासाघीस करून आणलेलं भिंग.
पट्टा काढलाय, तरी ध्यान लागलं की
यांचे पाय खाली पायटा चालवत राहतात.
काही शिवत नाही. नुसता आवाज.

डावीकडे मोडक्या स्पीकरमधलं चुंबक.
पोलादी नाणं टपकन चिकटतं,
जुनं तांब्या-निकेलचं ढिम्म हलत नाही.
रामकुंडावर पोरं दोरीला असंच चुंबक बांधून
गंगेतून पैसे काढतात.
"त्यांना नवीच मिळतात," हे सांगतात,
"जुनी सगळी अजून खालीच."
आणि चेहरा असा, जणू तिथे यांची ठेव आहे.

मग इडलीपात्र. चार ताटल्या, सोळा खळगे.
सालाखाली पत्त्यांतली चौकट असली तर मुंबई,
चांदणी हैदराबादची, ठिपका नोएडाचा.
कोलकात्याला काहीच नाही.
खूण नसणं हीच त्याची खूण.
हे मला त्यांनी तीनदा समजावलं.
चौथ्यांदा मीच त्यांना पकडलं :
नोएडा नव्हे हो, पिठाचा कण आहे तो.
(नणंद राहायला आली तेव्हा इडल्या वाट्यांत लावल्या.
तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.)

वहीत चौकोन आखलेत. एक अजून रिकामा.
कुठलं साल, ते बोलायचं नाही. दृष्ट लागते म्हणे.

गेल्या दिवाळीत ताजनपुरेंच्या मुलाने
गिरणीच्या भिंतीवर तो काळा-पांढरा चौकोन चिकटवला.
लोक डबा ठेवतात, मोबाइल दाखवतात,
आणि पेटी बोलते, बावीस रुपये प्राप्त झाले.
सोय चांगली, खोटं कशाला बोलू.
पण गल्ल्यात नुसतं पीठ.
त्या रात्री हे शिवणयंत्राशी बसले
तर पंचावर सात नाणी.
सातच.
ती त्यांनी दीड तास पाहिली.

तेव्हापासून मंगळवारी आणि शनिवारी
मी त्या चौकोनावर कॅलेंडर टांगते.
"काकू, स्कॅनर?"
"बंद आहे."
"शनिवारीही बंद होता."
"नेट नाही."
पगारे मास्तर आपल्या मोबाइलकडे बघतात,
मग माझ्याकडे,
मग खिसे चाचपतात, पिशवीचा तळ, स्कूटरची डिकी,
आणि दोन, पाच, एक, अजून एक,
पुटपुटत फळीवर ठेवतात.

लोकांनी ओळखलं असावं.
काल बोराडेंच्या सुनेने पेढ्याचा जुना डबा आणला,
हलवला तर खुळखुळला.
"आमच्या मामंजींच्या पँटींमधलं आहे सगळं.
दळणाचे यातूनच घ्या.
आणि उरलेले राहू द्या."

रात्री हे डबा उघडून गप्प झाले.
बऱ्याच वेळाने, वर न बघता :
"मंगळवारी गर्दी असते वाटतं?"
"असते," मी म्हटलं. "उपासाची दळणं."
"हं."
आणि खाली पायटा हलायला लागला.